जर्मनीतली गाडी डेन्मार्कला न्यावी, की विकून जावे?

म्युनिक, श्टुटगार्ट किंवा फ्रँकफुर्टमध्ये काही वर्षे काढल्यावर कोपनहेगनला नवी नोकरी मिळालेल्या मराठी कुटुंबापुढे घर, मुलांची शाळा आणि निवास-परवाना यांच्या जोडीने आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे दारात उभ्या असलेल्या गाडीचे काय करायचे. दोन्ही देश युरोपीय संघात असल्यामुळे सीमेवर जकात घेतली जात नाही, आणि म्हणून घरसामानाबरोबर गाडीही विनासायास जाईल अशी अनेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. गाडी नेता येते. पण डेन्मार्कमध्ये वास्तव्य सुरू झाल्यावर साधारण तीस दिवसांच्या आत तिची तिथे नोंदणी करावी लागते, आणि डॅनिश नंबरप्लेट हाती पडण्याआधी जो नोंदणी कर भरावा लागतो, तो युरोपातल्या सर्वांत जड वाहनकरांपैकी एक आहे.

युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात कायमचे राहायला जाणाऱ्याच्या वापरातल्या वस्तूंवर उपभोग कर लावता येत नाही, हे खरे आहे. मात्र त्याच निर्देशातून वाहनाच्या नोंदणीचे शुल्क आणि रस्ता कर स्पष्टपणे वगळलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक देश आपापल्या मर्जीने वागतो. स्थलांतर करण्यापूर्वी किमान सहा महिने गाडी स्वतःच्या मालकीची आणि वापरात असेल, तर नेदरलँड्स आपला नोंदणी कर माफ करतो. डेन्मार्कमध्ये अशी माफी नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनला गेलेल्या मित्राने आपली गाडी फुकट नेली, हा दाखला म्हणूनच कोपनहेगनला निघालेल्याच्या उपयोगाचा नाही.

बंगळूरची गाडी पुण्याला आणताना ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा आणि कर्नाटकात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी खेटे घालायचे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. डेन्मार्कचे प्रकरण दिसायला तसेच असले तरी एक मोठा फरक आहे. जर्मनीत गाडी घेताना मूल्यवर्धित कर आणि नंतर दरवर्षीचा वाहन कर एवढेच द्यावे लागते, वेगळा नोंदणी कर तिथे नाहीच. साहजिकच परत मागण्यासारखेही काही नसते.

डॅनिश कराची रचना टप्प्यांची आहे. २०१५ पर्यंत त्याचा वरचा दर १८० टक्के होता. तो आधी १५० टक्क्यांवर आला, पुढे खालचा दर १०५ वरून ८५ वर आला, आणि २०२० च्या अखेरीस झालेल्या सुधारणेने सध्याची चौकट घालून दिली. त्या वेळच्या आकड्यांनुसार मूल्यवर्धित करासह किमतीच्या पहिल्या ६५,००० क्रोनरवर (क्रोनर हे डेन्मार्कचे चलन) २५ टक्के, तिथून २,०२,२०० क्रोनरपर्यंत ८५ टक्के आणि त्यावरील रकमेवर १५० टक्के कर ठरला. त्यातून २१,७०० क्रोनरची मूळ वजावट ठरली, पण कार्बन उत्सर्जनाच्या प्रत्येक ग्रॅममागे वेगळी भर पडते. या मर्यादा दरवर्षी थोड्या बदलतात, तेव्हा पुढचा हिशेब ढोबळ समजावा.

समजा, एका पेट्रोल हॅचबॅकची नवी असतानाची नोंदणी करापूर्वीची किंमत, मूल्यवर्धित कर धरून, २,००,००० क्रोनर आहे. पहिल्या टप्प्याचे १६,२५० आणि दुसऱ्याचे १,१४,७५० मिळून १,३१,००० होतात. वजावट जाता १,०९,३०० उरतात. उत्सर्जन किलोमीटरला १२० ग्रॅम आणि ग्रॅममागे २५० क्रोनर धरल्यास आणखी ३०,००० वाढतात. कर झाला १,३९,३००, आणि गाडी रस्त्यावर आली ३,३९,३०० क्रोनरला. म्हणजे शोरूममधल्या किमतीतला सुमारे ४१ टक्के वाटा नोंदणी कराचा आहे.

आता तुमची गाडी नवी नाही, चार-पाच वर्षांची आहे. डेन्मार्क एकेकाळी आयात केलेल्या जुन्या गाड्यांनाही जवळजवळ नव्या गाडीच्या किमतीवर कर लावत असे. १९९० मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, कारण देशातच नोंदलेल्या जुन्या गाडीच्या किमतीत जेवढा कर शिल्लक असतो, त्याहून जास्त कर बाहेरून आलेल्या तशाच गाडीवर लावता येत नाही. त्यामुळे आता मोटरस्टुरेल्सन हे तिथले वाहन प्राधिकरण तुमच्या गाडीसारखी गाडी डॅनिश बाजारात किती किमतीला विकली जाते ते पाहते आणि त्या किमतीत दडलेला कर तुमच्याकडून मागते. अशी गाडी तिथे १,८०,००० क्रोनरला मिळत असेल, तर ४१ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ७४,००० क्रोनर भरावे लागतील.

वरवर पाहता हा न्याय्य हिशेब आहे: गाडी नेली काय आणि तिथे घेतली काय, खर्च सारखाच. प्रत्यक्षात पारडे थोडे कलते, आणि ते न नेण्याच्या बाजूने कलते. कर इतका जड असल्यामुळे गाडी कोणाच्याच आवाक्यात राहणार नाही हे ओळखून कंपन्या डेन्मार्कमध्ये करपूर्व किंमत इतर देशांपेक्षा कमी ठेवत आल्या आहेत. परिणामी करापूर्वीच्या मूल्यात पाहिले, तर जर्मनीत तीच गाडी बहुधा अधिक मोलाची ठरते. वरच्या उदाहरणात करविरहित डॅनिश मूल्य १,०६,००० क्रोनर, म्हणजे साधारण १४,२०० युरो आहे. जर्मनीत तिला १६,००० युरो येत असतील, तर युरोमागे ७.४६ क्रोनर धरून १,१९,००० क्रोनर हाती येतात आणि डेन्मार्कमध्ये तशीच गाडी घ्यायला वर सुमारे ६१,००० घालावे लागतात. गाडी नेण्याला मात्र ७४,००० कर, शिवाय तांत्रिक तपासणी, नंबरप्लेट आणि प्रवासाचा खर्च येतो.

तरीही मी लगेच विकण्याचा सल्ला देणार नाही. नोकरी बदलताना गाडी विकणाऱ्याला घाई असते, हे ती घेणाऱ्या व्यापाऱ्याला चेहऱ्यावरूनच कळते. १६,००० ची गाडी त्याने १४,००० ला घेतली, तर वर घालायची रक्कम ७५,५०० च्या पुढे जाते आणि दोन्ही पर्याय एका रेषेत येतात. स्वतः खासगी ग्राहक शोधून, सवडीने विकण्याइतके दोन-तीन महिने हाताशी आहेत का, हा म्हणूनच या निर्णयातला खरा प्रश्न आहे. दुसरी गोष्ट पैशांत मोजता येत नाही: चार वर्षे चालवलेल्या आपल्या गाडीचा कुठला आवाज साधा आणि कुठला चिंतेचा हे आपल्याला माहीत असते, आणि कोपनहेगनमध्ये परक्या भाषेत सेकंड-हँड गाडी पारखताना ती खात्री मिळत नाही.

गाडी कोणती आहे यावरही बरेच अवलंबून आहे. मोठ्या एसयूव्हीच्या किंवा शक्तिशाली इंजिनाच्या महागड्या सेदानच्या किमतीचा बराचसा भाग १५० टक्क्यांच्या टप्प्यात जातो आणि उत्सर्जनाची भरही तिथेच सर्वाधिक बसते; अशी गाडी जर्मनीतच सोडलेली बरी. डिझेलवाल्यांना डेन्मार्कमध्ये मालकीच्या नियतकालिक करावर डिझेलसाठी आणखी एक कर भरावा लागतो, आणि धूलिकण-गाळणी नसलेल्या जुन्या डिझेल गाड्यांना कोपनहेगनच्या पर्यावरण-क्षेत्रात जागा नाही. विजेच्या गाडीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिला करात मोठी सूट आणि वेगळी मोठी वजावट मिळत आल्याने मध्यम किमतीच्या गाडीवर कर नगण्य उरतो. २०२४ मध्ये डेन्मार्कमध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या, त्यामागे हेही एक कारण आहे. विजेची गाडी असेल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून, त्या वर्षीचा सवलतीचा दर पाहून, ती खुशाल न्यावी. फक्त गाडी सहा महिन्यांच्या आतली किंवा ६,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेली नसावी, कारण अशी गाडी युरोपीय संघाच्या नियमांत नवी समजली जाते आणि तिच्यावर डेन्मार्कचा २५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. ही अट पेट्रोल गाडीलाही आहे.

दोन वर्षांचे कंत्राट असेल, तर नेणे आणि विकत घेणे हे दोन्ही पर्याय माझ्या मते मागे पडतात. डेन्मार्क सोडताना गाडी बाहेर नेल्यास उरलेल्या करातला भाग काही कपात करून परत मिळतो, पण त्यासाठी पुन्हा तपासणी, मूल्यांकन आणि अर्ज आले. त्याऐवजी लीजचा पर्याय पाहावा. तिथे लीज कंपनीला कराराच्या मुदतीपुरताच, प्रमाणशीर नोंदणी कर भरता येतो, आणि तो मासिक हप्त्यात वाटला जातो. हप्ता जर्मनीच्या मानाने जास्त वाटेल; मात्र मोठी रक्कम अडकून पडत नाही आणि निघताना किल्ली परत दिली की काम संपते. किलोमीटरची वार्षिक मर्यादा आणि परत करतानाच्या ओरखड्यांचे कलम तेवढे नीट वाचावे.

गाडीच नको, हा पर्याय मराठी घरांत सहसा चर्चेला येत नाही, पण कोपनहेगनमध्ये तो गंभीरपणे विचारात घेण्याजोगा आहे. २०१९ मध्ये मेट्रोचा वर्तुळमार्ग सुरू झाल्यापासून शहराच्या मध्यभागात गाडीची गरज उरलेली नाही, मुलांना पुढच्या पेटीत बसवून नेणाऱ्या तीनचाकी सायकली पावसापाण्यातही चालतात, आणि शनिवार-रविवारी ग्रीनमोबिलिटीसारख्या सेवेची विजेची गाडी मिनिटांच्या किंवा तासांच्या हिशेबाने घेता येते. आजी-आजोबा तीन महिने राहायला येणार असतील किंवा घर शहराबाहेर असेल, तर मात्र हा पर्याय लवकरच जाचू लागतो.

स्वीडनच्या माल्मो शहरात राहून पुलावरून रोज कोपनहेगनला जायचे, ही युक्तीही ऐकायला मिळते. ओरेसुंड पूल २००० मध्ये खुला झाला, रेल्वेने प्रवास पाऊण तासाच्या आत होतो आणि स्वीडनमध्ये डेन्मार्कसारखा नोंदणी कर नाही. पण भारतीय पासपोर्टवर डेन्मार्कचा परवाना घेऊन स्वीडनमध्ये राहायला स्वीडनचा वेगळा निवासाधिकार लागतो. डेन्मार्कचे रहिवासी असून स्वीडनच्या नंबरप्लेटची गाडी रोज वापरणे तर सरळसरळ नियमबाह्य आहे.

लंडन किंवा दुबईहून निघालेल्यांसाठी गणित आणखी वेगळे आहे. संघाबाहेरून येणाऱ्या गाडीवर साधारणपणे १० टक्के जकात आणि २५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो; किमान एक वर्ष बाहेर वास्तव्य आणि सहा महिने गाडीची मालकी व वापर सिद्ध केल्यास हे दोन्ही माफ होऊ शकतात, परंतु पुढे वर्षभर ती विकता येत नाही. नोंदणी कर तेव्हाही सुटत नाही. लंडनच्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने पुढचे दिवे बदलावे लागतात आणि डेन्मार्कमध्ये तिला ग्राहकही क्वचितच मिळतो.

नेण्याचे ठरलेच, तर जर्मन नोंदणी रद्द करण्यापूर्वी डेन्मार्कच्या संकेतस्थळांवर आपल्याच मॉडेलच्या, तितक्याच किलोमीटरच्या गाड्यांच्या किमती पाहून कराचा अंदाज बांधावा. गाडी युरोपीय मानकांनुसार बनल्याचे निर्मात्याचे अनुरूपता प्रमाणपत्र, मूळ खरेदीपत्र, सर्व्हिसची वही आणि जर्मन विमा कंपनीकडून दावारहित वर्षांचा दाखला सोबत घ्यावा. डॅनिश नागरिक क्रमांक मिळेपर्यंत नोंदणीचे बहुतेक काम अडून राहते, म्हणून पोहोचल्यावर पहिली खेप त्या कार्यालयात असावी, आणि तीस दिवस अपुरे पडतील असे दिसताच परदेशी नंबरप्लेटवर चालवण्याची तात्पुरती परवानगी मुदत संपण्यापूर्वी मागावी.