मोबाईलमध्ये गाणी भरायची तर केबल, वायफाय की कार्ड?

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत आरत्या, भजनं, नाट्यपदं यांचा साठा बाहेर निघतो. बऱ्याच ठिकाणी तो जुन्या कॅसेटींवरून उतरवून संगणकात ठेवलेला असतो आणि वाजवायचा असतो मोबाईलवरून, ब्लूटूथ स्पीकरवर. मधलं काम दिसतं पाच मिनिटांचं आणि खातं अख्खी संध्याकाळ. त्या कामाच्या वेगवेगळ्या वाटांची ही पारख आहे. माप धरलंय २० जीबीचं, म्हणजे दोनेक हजार फायलींचं. चारच गाणी हवी असतील तर व्हॉट्सॲपवर स्वतःला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तरी भागतं.

केबल सगळेच आधी लावतात आणि सगळ्यात जास्त चिडचिड तिथेच होते. साध्या यूएसबी २.० केबलच्या आत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलींत डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होत राहतो, संगणकाला मात्र त्याचा पत्ता नसतो. केबल बरी असली तरी जोडल्याबरोबर फोन 'फक्त चार्जिंग' धरून बसतो. लॉक उघडायचं, वरची सूचनापट्टी खाली ओढायची, यूएसबीच्या सूचनेवर टिचकी मारून 'फाइल ट्रान्स्फर' निवडायचं. लॉक उघडलं नाही तर संगणकावर फोनचं नाव दिसतं आणि आत रिकामं.

आपल्याकडे पावसाळ्यात याला आणखी एक भर पडते. खाऱ्या, दमट हवेत फोनच्या पोर्टमधले संपर्कबिंदू काळवंडतात, खिशातला कापूस ओल धरून आत घट्ट बसतो आणि केबल जराशी हलली की जोडणी तुटते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने कापूस हलक्या हाताने काढावा, पिन किंवा सुई आत घालू नये. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर फोन पंख्याखाली ठेवून वाट बघावी. हेअर ड्रायर लावला तर आतलं रबराचं सील खराब होऊ शकतं.

एवढं सगळं जमलं तरी मूळ दुखणं उरतंच. त्याचं नाव एमटीपी, म्हणजे फोन आणि संगणक यांच्यात फायली नेण्याची पद्धत. पूर्वीचे अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखे जोडले जायचे. त्यात अडचण अशी, की संगणक साठ्याचा पूर्ण ताबा घ्यायचा आणि तेवढा वेळ फोनला स्वतःच्याच फायली मिळायच्या नाहीत. म्हणून अँड्रॉइड एमटीपीवर गेलं. आता ताबा फोनकडे असतो आणि संगणक त्याच्याकडे एकेक फाइल मागतो किंवा देतो. एका वेळी एकच काम. एकच मोठी फाइल झपाट्याने जाते, दोन हजार लहान फायली मात्र प्रत्येकीच्या देवाणघेवाणीत वेळ घालवतात. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी धरले तर २० जीबीला कागदावर ११ मिनिटं पुरावीत. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लागू शकतात, आणि मध्येच अडकलं की कुठली फाइल अर्धवट राहिली ते शोधत बसावं लागतं. केबलनेच करायचं असेल तर एका वेळी दोन-तीनशे फायली घ्या आणि तेवढा वेळ फोनला हात लावू नका. मॅकवर तर अँड्रॉइड फोन आपसूक दिसतही नाही. ओपनएमटीपी हे मोफत सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

आमचा कौल लोकलसेंडला, म्हणजे वायफायवरून फायली पाठवणाऱ्या ॲपला. मोफत आहे, जाहिराती नाहीत, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं. संगणक आणि फोन एकाच वायफायवर असले की झालं, इंटरनेट लागतच नाही. पावसात बाहेरची लाइन तुटली तरी राउटरला इन्व्हर्टरची वीज असेपर्यंत काम चालू राहतं, आणि गोव्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ही लहान गोष्ट नव्हे. राउटरच नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. फक्त आधी मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर विंडोजची अपडेट तुमचा दिवसाचा डेटा गिळेल.

दोन्हीकडे ॲप उघडायचं, संगणकावर 'सेंड'मध्ये अख्खा फोल्डर निवडायचा, खाली फोनचं नाव येईल त्यावर टिचकी मारायची, फोनवर स्वीकारायचं. फोनचं नाव आलंच नाही तर बहुतेक वेळा विंडोजने ते वायफाय 'पब्लिक' मानलेलं असतं आणि फायरवॉल आडवी येते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते 'प्रायव्हेट' करा. 'गेस्ट' वायफायवर उपकरणं एकमेकांना दिसू दिली जात नाहीत, तिथे प्रयत्न सोडून द्यावा. वेग राउटरवर ठरतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर सेकंदाला ४-५ एमबी मिळाले तर २० जीबीला सव्वा तासाच्या आसपास लागतो. ५ गिगाहर्ट्झवर काम बरंच लवकर उरकतं, पण जाड चिऱ्याच्या भिंतीपलीकडे तो पट्टा लंगडा पडतो. राउटरच्याच खोलीत बसा.

कार्डाची सोय असलेला फोन असेल तर मोठ्या संग्रहाला मायक्रोएसडीसारखं सुख नाही. कार्ड काढून रीडरमध्ये घाला, थेट कॉपी करा, 'इजेक्ट' करून मगच ओढा. फोनने विचारलं तर कार्ड 'पोर्टेबल' म्हणून ठेवा. 'इंटर्नल' केलं की ते त्या फोनपुरतं कुलूपबंद होतं आणि संगणकाला वाचता येत नाही. बाजारात फारच स्वस्तात मिळणाऱ्या ५१२ जीबीच्या कार्डावर विश्वास ठेवू नका. आत ३२ जीबीच असू शकतात, आणि जास्तीची गाणी कॉपी झाल्यासारखी दिसून हरवतात. कार्डाची खरी जागा तपासणारं एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन आधी चालवा.

आयफोनवाल्यांनी केबलने गाणी भरताना जपून राहावं. दुसऱ्या संगणकाच्या लायब्ररीशी सिंक केलं तर आधीची गाणी पुसायची का असं विचारतो, आणि घाईत 'हो' दाबलं जातं. शिवाय म्युझिक ॲप एफएलएसी, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेल्या गाण्यांच्या फायली, घेत नाही. व्हीएलसी टाका, त्यात वायफाय शेअरिंग चालू करा, दिसणारा पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि फायली ओढून टाका. एफएलएसीसुद्धा वाजते.

आता ज्याचा दोष केबलवर ढकलला जातो पण जो फायलींचाच असतो, तो भाग. मराठीत लांबलचक नावं ठेवण्याची आपल्याला सवय: 'भजनी सप्ताह, पहिला दिवस, रात्रीची बैठक, अमुक राग, अमुक गायक, साथीला अमुक'. अँड्रॉइडमध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'नाट्यसंगीत' हा एक शब्द म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. शेवटचं 'डॉट एमपी३' सोडून देवनागरी ८३ चिन्हांच्या पुढे नाव गेलं की विंडोजवर बिनतक्रार राहणारी फाइल फोनवर जायला नकार देते. कॉपी नेहमी एकाच फाइलपाशी अडत असेल तर आधी तिचं नाव मोजा.

नाव आटोपशीर ठेवून बाकीचा तपशील टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच असणाऱ्या माहितीच्या नोंदीत, भरावा. त्यासाठी एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर उत्तम. लिहिण्याचा प्रकार आयडी३ व्ही२.३, यूटीएफ-१६ निवडा, देवनागरी नीट उमटते. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले टॅग फोनवर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतात. ते पुन्हा टंकावे, किंवा फॉन्ट बदलणाऱ्या साधनाने युनिकोडमध्ये आणावे. आरत्यांचा क्रम हवा असेल तर ट्रॅक क्रमांक भराच, नाहीतर फोन त्या अकारविल्हे लावतो आणि मंत्रपुष्पांजली सुखकर्त्याच्या आधी वाजते.

सगळं पोचलं, तरी ॲपमध्ये गाणी दिसत नाहीत? फोन एकदा बंद करून चालू करा. तरी नाही, तर फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फायली दाखवायला सांगा आणि त्या फोल्डरमध्ये 'डॉट नोमीडिया' नावाची फाइल (ती असली की ॲप तो फोल्डर वगळतं) असेल तर ती पुसून फोन पुन्हा चालू करा. आणि विंडोजवर वर्षांपूर्वी सीडीवरून उतरवलेली गाणी डब्ल्यूएमएमध्ये असतील तर ती बऱ्याच अँड्रॉइड ॲपांत वाजणारच नाहीत. ती व्हीएलसीमध्ये ऐका, किंवा नेण्याआधीच संगणकावर एमपी३ करून घ्या.