लिहायचं, की लिहून कामही करायचं? सिटकॉमच्या तीन तऱ्हा

सिटकॉम म्हणजे विनोदी मालिका लिहिणाऱ्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर जावं का? अभिनय जमतो की नाही हे नंतर बघू. आधी एपिसोड किती आणि भूमिका केवढी, ते बघा.

'फॉल्टी टॉवर्स' ही ब्रिटिश मालिका जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिली, आणि दोघांनी त्यात कामही केलं. १९७५ मध्ये ६ एपिसोड, पुढचे ६ थेट १९७९ मध्ये. एकेका स्क्रिप्टला साधारण ६ आठवडे. लेखकांची फौजच नाही, त्यामुळे माणसं सोडून जायची भीती नाही. पण दोघांतला एक अडला की सगळंच अडतं. वर्षाला २२ एपिसोड मागणाऱ्या वाहिनीला ही चैन परवडत नाही.

अमेरिकन 'द ऑफिस' (२००५ ते २०१३, २०१ एपिसोड) दुसऱ्या टोकाला. तिथे एक एपिसोड सेटवर, पुढचा दुरुस्तीत, त्यापुढचा नुसता आराखड्यात, असं एकाच वेळी चालतं. लेखक-नट दोन्हीकडे हवा असतो. घोळ इथेच होतो: मुख्य हॉलमध्ये ज्याचं टेबल, तो प्रत्येक फ्रेमच्या मागे दिसतो. एकही वाक्य नसलं तरी दिवसभर बसून राहायचं! म्हणून मालिकेच्या लेखकांनीच साकारलेल्या केली (मिंडी कॅलिंग) आणि टोबी (पॉल लीबरस्टीन) यांची टेबलं किचनपलीकडच्या मागच्या खोलीत ठेवली. आपला सीन झाला की दोघं लिहायला मोकळे.

पण असा माणूस सोडून गेला की दोन खुर्च्या रिकाम्या होतात. नुसता लेखक गेला तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. २०१२ मध्ये कॅलिंग स्वतःची मालिका करायला गेली तेव्हा केलीलाही कथेतून बाहेर काढावं लागलं. संपात तर कोंडीच. २००७ साली लेखक संपावर गेले. अशा वेळी नटाचा करार सेटवर बोलावतो आणि लेखकांची संघटना गेटवर उभं करते.

तिसरी तऱ्हा, फक्त लिहायचं. 'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेत नेहमीसारखी रायटर्स रूम, म्हणजे सगळ्या लेखकांनी एकत्र बसून लिहायची खोली, नव्हती. प्रत्येकाने आपल्या कल्पना लॅरी डेव्हिड आणि जेरी साइनफेल्ड या मालिकेच्या कर्त्यांपुढे ठेवायच्या. किस्से लेखकांच्या स्वतःच्या आयुष्यातले, त्यामुळे साठा संपला की नवी माणसं. अनेकजण एखाद-दुसऱ्या सीझनपुरतेच टिकले. खुद्द डेव्हिड ७व्या सीझननंतर बाहेर पडला आणि १९९८ चा शेवटचा एपिसोड लिहायला परतला.

पैशाचं गणित थोडक्यात: पुनःप्रक्षेपणाचा मोबदला लेखकाला स्क्रिप्टवरच्या नावामुळे मिळतो, नटाला पडद्यावर दिसल्यामुळे, दोन्ही खाती वेगळी. अमेरिकेत सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्टाफ रायटरला पूर्वी आठवड्याच्या पगारावर स्क्रिप्टचे वेगळे पैसे मिळत नसत. लेखक संघटनेच्या २०२३ च्या करारानंतर मिळतात, त्यामुळे नुसतं लिहिणं आता तितकं तोट्याचं नाही.

तेव्हा ६-८ एपिसोडची वेब सिरीज असेल तर एक सहलेखक धरा, सगळ्या स्क्रिप्ट शूटिंगआधी पुऱ्या करा आणि खुशाल मुख्य भूमिका घ्या. एपिसोड २० च्या वर गेले तर छोटी भूमिका आणि मागच्या खोलीतलं टेबल बरं. तरीही नायिका किंवा नायक व्हायचंच असेल, तर रूम सांभाळणारा दुसरा माणूस आधी पक्का करा. '३० रॉक'चे १३८ एपिसोड झाले त्यात लेखिका आणि नायिका असलेल्या टीना फेच्या जोडीला रॉबर्ट कार्लॉक शोरनर, म्हणजे लेखनासह सगळी मालिका चालवणारा, होता. आणि सही करण्याआधी एवढं विचारून घ्या: लेखक म्हणून काढलं तर भूमिका राहते का, की दोन्ही एकदमच जातात?