मेमटेस्ट ८६ प्लस : रॅमचा दोष पकडणारे छोटे साधन

घरचा डेस्कटॉप अधूनमधून निळा पडदा दाखवून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, तेव्हा मी आधी विंडोज नव्याने टाकली आणि त्यात एक अख्खा रविवार घालवला. दोष मात्र जागच्या जागी राहिला. हे विनामूल्य, मुक्तस्रोत साधन आधीच वापरले असते, तर तो रविवार वाचला असता.

मेमटेस्ट ८६ प्लस पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करताच चालते. ठरावीक नमुने रॅममध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत) लिहून ते पुन्हा वाचायचे आणि तफावत आढळली की स्मृतीतील त्या जागेचा पत्ता दाखवायचा, एवढेच त्याचे काम. २०२२ मधील ६.०० आवृत्तीपासून ते यूईएफआय (संगणक सुरू करणारी, जुन्या बायोसची जागा घेणारी प्रणाली) असलेल्या संगणकांवरही चालते.

माझ्याकडे दुसऱ्या फेरीत चुका दिसल्या. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सोय, बंद करून रॅम मूळ वेगावर आणली, तरी त्या थांबल्या नाहीत. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून, त्याच खाचेत बसवून तपासल्यावर एकीतच दोष असल्याचे स्पष्ट झाले. (पट्टी काढण्यापूर्वी वीजजोडणी काढावी, हे सांगायला हवेच.)

उणिवाही आहेत. पडद्यावर आकड्यांची इतकी दाटी असते की नवखा माणूस गोंधळतो, आणि तपासणीला रात्र जाऊ शकते. शिवाय निकाल निर्दोष आला, तरी पॉवर सप्लाय किंवा डिस्कविषयी त्यातून काहीच कळत नाही.