दोन दिवसांत समुद्र: अलिबाग की रत्नागिरी?

लातूरहून शनिवार-रविवारात समुद्र गाठायचा तर मी अलिबागच म्हणेन. शुक्रवारी रात्री मुंबईच्या रेल्वेत बसलं की सकाळी सीएसएमटी. तिथून गेटवे जवळच, मग मांडव्याची बोट आणि पुढे रस्त्याने अलिबाग. लेकरांना तो बोटीतला तासच सगळ्यात जास्त आवडतो. पावसाळ्यात मात्र ही बोट बंद असते.

अलिबागसमोर समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. भरतीची वेळ तेवढी आधी विचारून घ्या. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूकडं खारं पाणी अन् मधोमध हे गोडं! २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टँकरपुढं घागरी घेऊन उभे राहिलेले आम्ही; माझी आई त्या विहिरीपासून हलायलाच तयार नव्हती.

रत्नागिरीत थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, रत्नदुर्ग, भाट्याचा किनारा. पाहायला अलिबागहून जास्तच. पण सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरेपर्यंत पहिला दिवस संपतो. सोमवारची सुट्टी जोडून आली तर खुशाल तिकडं जा, गणपतीपुळेही होईल.