जुनी इराणी खुर्ची: विकत घेण्याआधी उलटी करून पाहा

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात ‘इराणी खुर्ची’ (इराणी हॉटेलांत असायची ती) मागितली की गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची काळपट खुर्ची पुढे येते. मूळ घाट व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट या फर्निचरवाल्याचा, १८५९ चा: वाफेवर वाकवलेले लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट. १८६९ मध्ये पेटंट संपल्यावर इतर कारखान्यांनीही तोच घाट उचलला. म्हणून थोनेटचं नाव नाही एवढ्यावरून खुर्ची टाकाऊ ठरत नाही. बैठकीच्या कड्याच्या आत ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असेल तर ती १९१८ नंतरचीच, कारण त्याआधी तो देशच नव्हता. दुकानदार ‘सव्वाशे वर्षं जुनी’ म्हणत असेल तर शिक्क्यावर बोट ठेवा.

‘बर्मा सागवान आहे’ असं कोणी म्हणालं की सावध व्हा. अस्सल बेंटवूड, म्हणजे वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, बीच या युरोपी झाडाच्या लाकडाची असते. पॉलिश उडालेल्या जागी, बहुधा बैठकीच्या खालच्या अंगाला, तिळासारख्या बारीक तपकिरी रेघा दिसल्या की ते बीच. पाठीच्या कमानीवर लाकडाचे रेषे वळणाबरोबर अखंड वळतात. फळीतून कापून काढलेल्या नकलेत ते वळणावर मधेच तुटतात, आणि नेमकं तिथेच ती पुढे मोडते.

आता खुर्ची उलटी करा. सगळी किंमत बैठकीच्या कड्यात आहे. कड्याची दोन टोकं लांब तिरकस सांध्यात चिकटवलेली असतात. दमट हवेत जुना सरस सुटतो आणि तिथे फट पडते. नुसती फट असेल तर सरस खरवडून, फेविकॉल भरून, शिकंज्यात २४ तास आवळून ठेवली की काम होतं. मागच्या पायांच्या स्क्रूभोवती लाकूड चिरलेलं असेल तर मात्र खुर्ची सोडून द्या. माणसं मागच्या दोन पायांवर झुलतात, सगळा ताण त्या दोन भोकांवर येतो. अशी चीर बहुतेकदा लांबी (पुट्टी) भरून, वर गडद पॉलिश मारून झाकलेली असते. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की भरलेला भाग सपाट आणि बिनरेषांचा दिसतो. खिळे किंवा लोखंडी पट्टी दिसली तरी तोच अर्थ घ्या.

फुल्लीचे स्क्रू दिसले म्हणून घाबरू नका. ते १९३० च्या दशकापासूनचे, म्हणजे बहुधा मधे कधीतरी दुरुस्ती झालीय, इतकंच.

बीचचा खरा शत्रू किडा. सुईच्या टोकाएवढी, १-२ मिलिमीटरची गोल भोकं शोधा. काळ्या कागदावर खुर्ची जोरात आपटा. पिठासारखा फिकट भुसा पडला तर किडा अजून जिवंत आहे, आणि तो घरातल्या इतर लाकडातही जाऊ शकतो. भोकांच्या कडा काळवंडलेल्या असतील आणि भुसा पडत नसेल तर बहुधा जुनं प्रकरण.

जमिनीपासून बैठकीची उंची मोजा. साधारण १८ इंच हवी. १६ भरली तर बहुधा कुजलेले पाय खालून कापलेत, आणि नेहमीच्या टेबलाशी ती बुटकी पडेल.

बैठकीवर विणलेल्या वेताकडे बहुतेक गिऱ्हाईक आधी पाहतं; आमच्या मते ते शेवटी पाहावं, कारण वेत पुन्हा विणता येतो. कड्याला ओळीने भोकं असतील तर हातविणीची बैठक. गोल खाचेत पट्टी ठोकलेली असेल तर तयार जाळी. जाळी स्वस्तात बदलते. हातविणीला कारागीर शोधावा लागतो, म्हणून फाटली असेल तर तेवढे पैसे किमतीतून तोडून मागा. न तुटता नुसती सैल पडली असेल तर खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवून रात्रभर वाळू द्या, बरीचशी ताणली जाते.

पॉलिश अस्सल आहे का ते कळायला खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासा. चपडा लाखेचं पॉलिश चिकट होतं, मेलामाइन या नव्या रासायनिक पॉलिशवर परिणाम होत नाही. लाखेचं असेल तर तसंच राहू द्या.

सहाचा संच मिळतोय म्हणून भुलू नका. संच म्हणवणाऱ्या सहांत दोन-तीन वेगळ्या कारखान्यांच्या निघतात आणि एखादी हमखास किडकी. प्रत्येक उलटी करा, पसंत पडतील तेवढ्याच उचला आणि भाव नगावर ठरवा.