अखेनातेनचं घर की दुसऱ्या रामसेसचं?

प्राचीन इजिप्तच्या या दोन फॅरोंपैकी, म्हणजे राजांपैकी, कुणाचं घर जास्त भावतं? बर्लिनच्या संग्रहालयात चुनखडीची एक छोटी पाटी आहे. अखेनातेन थोरल्या मुलीचा पापा घेतोय. समोर त्याची राणी नेफरतिती, एक लेक मांडीवर, दुसरी खांद्याशी, आणि ती आईच्या मुकुटाचं लोंबतं टोक ओढतेय. वर सूर्यबिंब, म्हणजे त्यांचा देव, त्याच्या किरणांना चक्क हात. फॅरोचं घर इतकं घरासारखं दुसरीकडे सहसा दिसत नाही. अर्थात ही पाटी पूजेची होती. राजाचं कुटुंब हेच देवाकडे जायचं दार, असा त्यातला हिशेब.

दुसऱ्या रामसेसचं सगळंच अवाढव्य. राज्य 66 वर्षं, मुलं शंभरच्या आसपास. अबू सिम्बेलच्या मोठ्या देवळाला त्याचे चार पुतळे सुमारे 20 मीटरचे, आणि राण्या-मुलं पायांशी, गुडघ्यालाही न पोहोचणारी. शेजारच्या छोट्या देवळात मात्र त्याची राणी नेफरतारी त्याच्याच उंचीची, हे मान्य करायलाच हवं. म्हातारबुवा इतके जगले की गादी मिळाली तेराव्या मुलाला, मेर्नेप्ताहला. त्याच्या आधीचे सगळे गेलेले.

इतिहासाच्या दृष्टीने रामसेसकडे मालमसाला जास्त. पण मला विचाराल तर मी त्या पाटीपुढेच रेंगाळेन.