गॅस गीझर की विजेचा? थंडीतल्या आंघोळीचा हिशेब

पुण्यात थंडीतलं बिल फुगतं ते खोली गरम करण्यापायी नाही, आंघोळीपायी. पाषाण-शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली गेला की काही घरांतून माळ्यावरचा रूम हीटर उतरतो. पण दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो आणि सरकत्या खिडक्यांच्या फटींतून ती ऊब बाहेर जाते. त्याच्याविषयी माझं मत इतकंच, की गोधडीवर अजून कुणी वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे बिलातले पैसे, लावलेला नाही. खरा प्रश्न न्हाणीघरातला आहे: गॅसवरचा गीझर की विजेचा?

मी दोन्ही वापरले आहेत, एकाच घरात. कोथरूडमधली जुनी, लिफ्ट नसलेली इमारत, आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. हा ‘सगळ्यात वरचा’ पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

आधी पैशाचं बोलू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. वीस लिटरची एक बादली घ्या. टाकीतलं पाणी पहाटे वीस अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला बेचाळीस पुरतं. म्हणजे बावीस अंश चढवायचे, म्हणजे ४४० किलोकॅलरी. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. थोडक्यात, एका बादलीला अर्धा युनिट. शंभर युनिटच्या पुढच्या टप्प्यात वहन आकार आणि सोळा टक्के विद्युत शुल्क धरून युनिट साधारण बारा रुपयांच्या घरात जातं. म्हणजे बादली सहा-साडेसहा रुपयांना पडली. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. घरातले दिवे, पंखे, फ्रिज वर्षभर चालूच असतात, गीझरचे युनिट थंडीत त्यांच्या डोक्यावर येऊन बसतात. त्यामुळे ते कायम तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्याने आकारले जातात. एरवी तुमचं बिल तीनशे युनिटला टेकत असेल, तर हीच बादली आणखी महाग.

गॅसचं गणित सोपं आहे. गीझर ऐंशी टक्के उष्णता पाण्यात घालतो असं धरलं तर बादलीला साधारण पन्नास ग्रॅम एलपीजी लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये पावणेतीनशेच्या आसपास बादल्या. पाइप गॅस असेल तर एका घनमीटरमध्ये पंधराएक. आजचे भाव घालून पाहिलं तर दोन्हीकडे बादली तीन-साडेतीन रुपयांना येते. म्हणजे विजेच्या जवळजवळ निम्मी. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन-साडेतीनशे रुपयांचा फरक, आणि पुण्याची थंडी फार ताणली तरी चार महिने. तुमच्या बिलांवरचे भाव घालून हे एकदा स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर, फरक आहे हे खरं, पण ऐकून होतो तितका मोठा निघाला नाही. गॅस गीझरच्या ठिणगीचे सेल आणि सर्व्हिसिंग धरलं की तो आणखी आक्रसतो.

शॉवरवाल्यांना मात्र हा बादलीचा हिशेब लागू नाही. दहा-दहा मिनिटं शॉवरखाली उभी राहणारी दोन तरुण मुलं घरात असतील, तर फरक दुप्पट-तिप्पट होतो आणि गॅसची बाजू चांगलीच जड होते.

गॅस गीझरचं आणखी एक सुख म्हणजे पाणी संपत नाही. एकामागून एक चार जणांनी आंघोळ केली तरी चौथ्याला ‘थांब जरा, तापू दे’ म्हणावं लागत नाही. वीज गेली तरी तो चालतो. दिवाळीत पाहुणे भरलेले असताना, अभ्यंगस्नानाच्या रांगेत, याचं मोल कळतं. हे सगळं मी मनापासून मान्य करतो.

आता ज्या एका गोष्टीनं मी कंटाळलो ती सांगतो. गॅस गीझर पेटतो पाण्याच्या दाबावर. पाणी वाहू लागलं की आतला पडदा ढकलला जातो, सेलवरची ठिणगी पडते, बर्नर पेटतो. दाब कमी झाला की तो विझतो, आणि सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण दहा मीटर उंचीला कुठे एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर गच्चीतल्या टाकीचा तळ आमच्या नळापेक्षा दोन-तीन मीटरच वर, म्हणजे पाव बारची मारामार. बऱ्याच गीझरांना किमान दाब नेमका तेवढाच लागतो. हा आकडा यंत्राच्या पाटीवर बारीक अक्षरांत असतो, दुकानात मात्र मिनिटाला किती लिटर एवढंच सांगतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा: मी आंघोळीला बसलो की घरात दुसरा नळ उघडायचा नाही. स्वयंपाकघरात आईनं भाजी धुवायला घेतली की आत फट् आवाज होऊन बर्नर बंद. नळाला गार पाणी. ‘आई, नळ!’ अशी हाक. नळ बंद, पुन्हा टिकटिक, पुन्हा भडका, आणि मग पाइपात अडकलेलं पाणी एकदम चटका देणारं. बायको म्हणायची, घरात आंघोळीची संचारबंदी लागते. गुरुवारी पाणी बंद असलं की पेपरात ठरलेली ओळ असते, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ त्या शुक्रवारी टाकी तळाला गेलेली असायची आणि गीझर पेटायलाच तयार नसायचा. त्यात सेल कधी संपतील याचा नेम नाही. ते बहुधा साबण लावल्यावर संपतात.

यावर उपाय आहेत. गच्चीवर प्रेशर पंप बसवता येतो, प्लंबरनं तो सुचवलाही होता. पण वीज वाचवायला घेतलेल्या गीझरसाठी विजेचा पंप बसवायचा, आणि पहाटे त्याची घरघर शेजाऱ्यांना ऐकवायची, हे काही मनाला पटेना.

कार्बन मोनॉक्साइडचं नव्यानं सांगायला नको. त्याला वास नसतो, बंद न्हाणीघरात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. गॅस गीझर बाहेर, ड्राय बाल्कनीत बसवायचा, न्हाणीघरात नाही. ड्राय बाल्कनी ग्रिल आणि काचा लावून बंद केलेली असेल, तर तीही बाहेर धरू नका. तुमच्याकडे अशी मोकळी जागाच नसेल तर तुलना इथेच थांबवा आणि विजेचा घ्या.

मी शेवटी पंधरा लिटरचा, टाकीचा विजेचा गीझर घेतला. पंधरा लिटर कमी वाटतात, पण टाकीतलं पाणी साठ अंशांचं असतं, त्यात गार मिसळून सत्तावीसएक लिटर आंघोळीचं पाणी होतं. एका माणसाला भरपूर. दुसऱ्याला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, हे आहे. चौघांना एका तासात बाहेर पडायचं असेल तर पंचवीस लिटरचा बघा. तीन लिटरच्या इन्स्टंटच्या नादी मी लागलो नाही. तीन किलोवॉटला थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी तापतं, बादली भरायला दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो ठीक आहे.

दुकानदार फाइव्ह स्टारचा आग्रह धरतो, त्याबद्दल थोडं. टाकीच्या गीझरचे तारे हे बंद टाकीतून चोवीस तासांत किती उष्णता निसटते यावर दिलेले असतात. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात ते तारे पैसे वाचवतात. आंघोळीआधी वीस मिनिटं लावून नंतर बंद करणाऱ्याला त्यांचा फायदा फारसा नाही. आमच्याकडे बटण न्हाणीघराच्या बाहेर आहे आणि शेवटी आंघोळ करणाऱ्यानं ते बंद करायचं, असा नियम आहे. थर्मोस्टॅट थोडा खाली आणून ठेवला आहे. एवढ्यावर आमचं थंडीतलं बिल मला झेपेल इतकं राहिलं. मीटर लावून मोजलेलं नाही, बिलं बघून सांगतो आहे. टीओडी, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा मीटर बसला असेल तर दिवसा नऊ ते पाच या वेळेत सवलत मिळते. निवृत्त मंडळींनी आंघोळ नऊनंतर केली तर त्यांचं आणखी सुटेल. आमच्या आईला हे सांगून पाहिलं. आंघोळीशिवाय देवपूजा कशी करायची, असा तिचा प्रश्न आला आणि विषय संपला.

अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं बटण) तपासून घ्या, यात काटकसर नको. उंड्री-वाघोलीकडे बोअर-टँकरचं पाणी असेल तर क्षार दोन्ही गीझरांना खातात, तिथे कुणाचीच बाजू घेता येत नाही.

सोलरचं विचाराल तर स्वतंत्र बंगला असेल किंवा सोसायटी परवानगी देत असेल तर या दोघांच्या आधी त्याचा विचार करा. पुण्याची थंडी कोरडी आणि लख्ख उन्हाची असते, नेमकं पाणी गार असतं तेव्हाच सोलर उत्तम तापवतो. तो रुसतो पावसाळ्यात. महापालिका मिळकतकरात सवलतही देते. उंच इमारतीत मात्र गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पाइपात बादलीभर गार पाणी उभं असतं, ते रोज सोडून द्यावं लागतं. आमच्या इमारतीत गच्चीच्या हक्कावरून दोन मतं आहेत, त्यामुळे ती गोष्ट पुढे गेली नाही.

तर वरचा मजला, बादलीची आंघोळ आणि एका वेळी दोन नळ चालणारं घर असेल, तर मी विजेचाच सुचवीन, महिन्याचे ते तीनशे रुपये धरूनसुद्धा. खालच्या मजल्यावर राहत असाल आणि ड्राय बाल्कनी मोकळी असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू होणार नाही. माझा धाकटा भाऊ वारज्यात पहिल्या मजल्यावर राहतो, त्याचा गॅस गीझर कधी विझत नाही. तो मला बिल दाखवून चिडवतो, आणि त्याच्याकडे मुक्कामाला गेलो की मी दुसरी बादलीही भरून घेतो.